दुसरा गिअर गेला कुठे?

‘फुल इंजिन खोलावं लागेल.’

जुनी टू-स्ट्रोक पाळणाऱ्या माणसाची झोप उडवायला हे चार शब्द पुरतात. अप्रेझलच्या वेळी बॉसनं ‘जरा दार लावून घे’ म्हटल्यावर पोटात गोळा येतो ना, तस्साच. वर मेकॅनिक फडक्याला हात पुसत पुढचं वाक्य टाकतो, ‘गिअरबॉक्स गेलाय साहेब.’ मग एक पाच आकडी रक्कम. मग शेवटचा बाण, ‘पार्ट मिळाले तर!’

पान उलटू नका. बाइकवाले नसलात तरी वाचा, कारण शंभरातल्या नव्वद जणांचा कुणीतरी मित्र, भाऊ नाहीतर नवरा सध्या या फेजमधून जातोय आणि रविवारी सकाळी घरातला जुना टूथब्रश घेऊन गायब होतोय. तो नेमकं काय करतो, हे कळलं तर भांडणं कमी होतील.

आपल्याकडे ‘जुनी डर्ट बाइक’ म्हणजे काय, हे आधी सांगते. उंच सस्पेन्शनच्या, खास मोटोक्रॉससाठी बनलेल्या परदेशी गाड्या फार थोड्यांच्या नशिबात होत्या. बाकीच्यांनी जुगाड केला. यामाहा आरएक्स हंड्रेड घ्यायची, हेडलाइट काढायचा, मडगार्ड वर उचलायचा, रुंद हँडल टाकायचं, मागचे शॉक बदलायचे, गुट्ट्यांचे टायर चढवायचे. झाली डर्ट बाइक! १९८५ साली एस्कॉर्ट्सबरोबर भारतात आलेली ही गाडी १९९६ मध्ये बंद झाली. ९८ सीसी, ११ बीएचपी, चार गिअर. कागदावर आज हे आकडे कुणाला इम्प्रेस करणार नाहीत. पण वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास असल्यानं पिळली की सुटायची. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या डर्ट ट्रॅकवर या गाडीनं वर्षानुवर्षं धूळ खाल्ली आणि दुसऱ्यांना खायला लावली. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात सुपरक्रॉस लीग झाली तेव्हा ट्रॅकवर सगळ्या चकाचक मॉडर्न गाड्या होत्या. पण अशा कुठल्याही इव्हेंटच्या पार्किंगमध्ये एखादी आरएक्स उभी असली की तिच्याभोवती घोळका हमखास.

गंमत म्हणजे सरकारच्या लेखी ही गाडी अजून ‘व्हिंटेज’ नाहीच. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज व्हायला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, शिवाय गाडी मूळ रूपात हवी. म्हणजे पहिल्या आरएक्सचा नंबर २०३५ मध्ये लागणार आणि हेडलाइट उपटलेल्या गाडीचा कधीच नाही. अशी बदललेली गाडी रस्त्यावर चालवणंही कायद्यात बसत नाही. मूळ रचना बदलता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा ट्रॅकपर्यंत टेम्पो. हे एकदा सांगून टाकलं, आता मुद्द्यावर येऊ.

मुद्दा हा की गिअरची तक्रार आणि गिअरबॉक्सची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायापासून मागच्या चाकापर्यंत एक लांबलचक साखळी आहे. बूट, लिव्हर, शाफ्ट, क्लच, केबल, तेल आणि मग कुठे तो बिचारा गिअरबॉक्स. साखळीत कुठेही गडबड झाली तरी पायाला जाणवतं एकच, ‘गिअर नीट पडत नाही.’ आणि शिव्या खातो गिअरबॉक्स.

माझा एक मित्र आहे, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर. त्याच्याकडे वडिलांची १९९१ ची आरएक्स आहे. याच गाडीवर वडील बँकेत जायचे, आईला डबलसीट घेऊन सिंहगडावर जायचे. पोरानं ती डर्ट केली तेव्हा वडील दोन दिवस बोलले नव्हते. अट एकच घातली, ‘काय वाट्टेल ते कर, इंजिन तेच राहिलं पाहिजे.’ तर या गाडीच्या तक्रारी तीन. एक, इंजिन चालू असताना न्यूट्रल सापडत नाही. दोन, कधीकधी लिव्हर दाबली तरी गिअर पडल्यासारखा वाटतो पण पडलेला नसतो. तीन, चढावर जोर दिला की दुसरा गिअर खाडकन सुटतो. एका गॅरेजनं पाच मिनिटांत निकाल दिला: गिअरबॉक्स गेला, सगळा सेट बदलू, इंजिन ठेवून जा.

आता यात घाबरण्यासारखं काय आहे? आरएक्सच्या इंजिनाची बॉडी डावी आणि उजवी अशा दोन भागांची असते. ती उघडली की क्रँकपासून गिअरपर्यंत सगळं टेबलावर येतं. चांगल्या हातात ते एका दिवसाचं काम आहे. वाईट हातात कुणीतरी दोन भागांच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून हातोडी मारतं, ॲल्युमिनियमच्या त्या सपाट कडेला खाच पडते आणि मग आयुष्यभर तिथून तेल गळतं. तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीची अशी बॉडी नवी मिळणं कठीण, आणि नंबर तर तिच्यावरच छापलेला असतो. शिवाय आतले मूळ गिअर ‘घासलेत’ म्हणून भंगारात जातात आणि त्यांच्या जागी कुठल्याशा डुप्लिकेट सेटची स्थापना होते. बाहेरून गाडी तीच. आतून दुसरीच.

मित्रानं इंजिन ठेवलं नाही. तो टेस्टर असल्यामुळे त्यानं जे केलं ते मला जाम आवडलं. त्यानं बग रिपोर्ट लिहिला! तक्रार इंजिन चालू असताना की बंद असताना? गार असताना की तापल्यावर? गिअर वर टाकताना की खाली आणताना? जोर दिल्यावर की सोडल्यावर? एकाच गिअरला की सगळ्यांना? कुठल्याही गॅरेजात जाण्याआधी या पाच प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. अर्धं निदान तिथेच होतं.

न्यूट्रलचंच बघा. इंजिन बंद करून गाडी थोडी पुढेमागे हलवत न्यूट्रल शोधायचा. सहज सापडला, पण इंजिन चालू असताना सापडत नसेल, तर गिअरबॉक्स निर्दोष सुटण्याची दाट शक्यता आहे. गुन्हेगार आहे क्लच. तुम्ही हँडलवरची लिव्हर पूर्ण दाबलीत तरी आत प्लेटा पूर्ण सुटत नाहीयेत, इंजिन गिअरना थोडंथोडं ओढतंच आहे. मेकॅनिकच्या भाषेत ‘क्लच ओढतोय’. खात्री करायला इंजिनाखाली सोड्याचा क्रेट ठेवून मागचं चाक उचला (डर्ट केलेल्या गाडीचा मेन स्टँड तुम्ही आधीच काढून टाकला असणार), पहिला गिअर टाका, क्लच दाबा. तेल गार असताना चाक थोडंफार फिरेल, ते चालतं. पण मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवूनही थांबत नसेल किंवा इंजिनच बंद पडत असेल, तर क्लच ओढतोय.

का ओढतोय? आधी केबल. क्लच लिव्हरच्या बुडाशी, जिथे केबल आत जाते तिथे, दोन-तीन मिलिमीटरचा सैलपणा हवा. कमी असेल तर क्लच घसरतो, जास्त असेल तर ओढतो. मित्राच्या गाडीत भानगड भन्नाट होती. डर्ट करताना त्यानं उंच, रुंद हँडल टाकलं. केबल मात्र जुन्या हँडलचीच. त्यामुळे हँडल पूर्ण वळवलं की केबल ताणली जायची आणि क्लच घसरायचा. त्यावर कुणीतरी उपाय केला होता, ॲडजस्टर पार आत घेऊन केबल सैल सोडायची. वळणावरचं घसरणं थांबलं, पण सरळ चालताना केबल इतकी सैल की क्लच पूर्ण सुटेच ना. म्हणून न्यूट्रल गायब. औषध काय? थोडी लांब केबल आणि तिचा नीट रस्ता. एका पिझ्झापेक्षा स्वस्त. तुमच्याही गाडीचं हँडल बदललेलं असेल तर आत्ता खाली जा, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि क्लचचा सैलपणा बदलतोय का बघा. वाचायला नंतर या.

केबल ठीक असेल तर तेल. इथे टू-स्ट्रोकवाल्यांचा एक जुना गैरसमज आहे. ‘टू-टी टाकतो की दर वेळी!’ अरे, ते तेल पेट्रोलबरोबर इंजिनात जातं आणि जळून धूर होतं. गिअर आणि क्लच ज्यात डुंबतात ते तेल वेगळं, इंजिनाच्या पोटात, स्वतःच्या ड्रेन बोल्टसकट. कित्येक गाड्यांत ते गेल्या मालकापासून बदललेलं नसतं. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच घाला. आणि कारचं महागडं, ‘मायलेज वाढवणारं’ तेल घालण्याचा मोह टाळा. त्यात घर्षण कमी करणारी रसायनं असतात आणि आपला क्लच तर घर्षणावरच जगतो. ओल्या क्लचसाठीच्या तेलाच्या डब्यावर ‘जासो एमए’ असं लिहिलेलं असतं, ते बघून घ्या.

काढलेलं तेल मोरीत ओतू नका. पर्यावरणाच्या दृष्टीनं तर नकोच, पण ते वाचायचंय म्हणूनही. पांढऱ्या ताटलीत घ्या. लस्सीसारखं झालं असेल तर पाणी शिरलंय. ओढ्यातून गाडी घातली होतीत ना मागच्या महिन्यात? जळका वास येत असेल तर क्लच प्लेटा. मग एक लोहचुंबक फिरवा. जुन्या स्पीकरचा चालेल. करड्या रंगाची मऊ पेस्ट चिकटली तर टेन्शन घेऊ नका, एवढी झीज चालायचीच. पण नखाएवढे पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला तर तिथेच थांबायचं. किक मारायची नाही, ‘जरा एक राउंड’ नाही. इंजिन खोलायचंच.

आणि तेल कमी निघालं पण खाली कुठे डाग नाही? मग सायलेन्सरकडे बघा. टू-स्ट्रोकमध्ये क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑईल सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं तेल आत ओढून पिऊन टाकतं. पांढऱ्या धुराचा लोट निघतो. लोक कार्ब्युरेटर साफ करत बसतात आणि इकडे गिअर कोरडे पडून घासतात.

दुसऱ्या तक्रारीकडे येऊ, म्हणजे लिव्हर दाबली पण गिअर पडला नाही. हिचं उत्तर तर उघड्यावर होतं. आरएक्सची गिअर लिव्हर डावीकडे असते. डर्टवर गाडी डावीकडे पडली की पहिला मार तिलाच. मित्राची लिव्हर पडून पडून आत वाकली होती आणि खाली जाताना इंजिनाच्या कव्हरला टेकत होती. पूर्ण दाबलीच जात नव्हती. शिवाय ती ज्या शाफ्टवर बसते त्यावर बारीक उभे दात असतात, मेकॅनिक त्यांना स्प्लाइन म्हणतात. ते बोथट झाले की लिव्हर हलते, शाफ्ट जागचा हलत नाही. लिव्हर हातानं हलवा आणि शाफ्टच्या टोकाकडे बघा. दोन्ही एकदम हलायला हवेत. तसं होत नसेल तर आधी तो बोल्ट आवळा, मग लिव्हर बदला. लिव्हर शाफ्टला वेल्डिंग करून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याला नम्रपणे चहा पाजा आणि निघा. पुढच्या वेळी कव्हर काढताना तीच लिव्हर कापावी लागेल.

बुटांचंही बघा. मोटोक्रॉसचे जाडजूड बूट नवीन घेतलेत आणि गिअर अर्धवट पडायला लागले, असं झालं तर बूट लिव्हरखाली नीट जातच नाहीये. लिव्हर एक दात वर बसवा. फुकटात काम.

लिव्हर परत जागेवर येत नसेल किंवा दोन गिअरच्या मध्येच खोटा न्यूट्रल लागत असेल, तर मामला एक पायरी आत आहे. लिव्हरला परत आणणारी स्प्रिंग असते आणि प्रत्येक गिअरला ‘टक’ करून जागेवर धरणारा एक छोटा आर्म असतो, त्याचीही स्प्रिंग. या दोन्ही क्लचच्या कव्हरामागे. त्यासाठी उजवं कव्हर आणि क्लच काढावा लागतो, पण इंजिनाचे दोन भाग करावे लागत नाहीत. हा फरक समजून घ्या, कारण काही गॅरेजात दोन्हींचं बिल सारखंच येतं. क्लच बाहेर आलाच आहे तर त्याच्या डब्याच्या कडा बोटानं तपासा. प्लेटांनी तिथे खाचा पाडलेल्या असतात. बारीक असतील तर कानस मारून जातात, खोल असतील तर प्लेटा त्यात अडकतात आणि क्लच पुन्हा ओढायला लागतो.

आता उरली तिसरी तक्रार. इथे जरा थिअरी. कंटाळा करू नका, दोन मिनिटं.

आपल्याला वाटतं की गिअर बदलला म्हणजे एक चक्र दुसऱ्यात जाऊन अडकलं. तसं नसतं. मोटरसायकलमध्ये चारही गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात, कायम फिरत असतात. मात्र प्रत्येक जोडीतलं एक चक्र शाफ्टवर मोकळं फिरतं. ज्याला शाफ्टशी पक्कं जोडलं, तोच काम करतो. म्हणजे चौघंही दिवसभर गरगर फिरतायत आणि प्रत्यक्ष काम एकटाच करतोय. तुमच्या टीमची आठवण आली ना? ही जोडणी करतात चक्रांच्या बाजूला असलेले जाड ठोकळे. त्यांना ‘डॉग’ म्हणतात. शेजारचं चक्र शाफ्टवर सरकतं, त्याचे डॉग याच्या खाचेत घुसतात आणि दोघं एकजीव होतात. सरकवायचं काम करतो शिफ्टर फोर्क, दोन बोटांचा चिमटाच म्हणा.

डॉगच्या कडा काटकोनी, धारदार असतात तोवर जोर आला तरी पकड सुटत नाही. त्या गोल झाल्या की जोर येताच दोन चक्रं एकमेकांवरून घसरून लांब ढकलली जातात. खाडकन आवाज, इंजिन किंचाळतं, गाडी न्यूट्रलमध्ये. पायऱ्या चढताना चपलेचा तळ गुळगुळीत असला तर काय होतं, तसंच. बळी बहुतेक वेळा दुसराच गिअर. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये न्यूट्रल ओलांडावा लागतो, पायाचा प्रवास लांब, आणि डर्टवर सगळ्यात जास्त मारामारी याच दोघांत चालते. जोर दिल्यावरच सुटत असेल आणि एकाच गिअरला होत असेल, तर हा आजार खरोखर आतला आहे. घूं-घूं असा आवाज एकाच गिअरला येत असेल तर त्या जोडीचे दात, चारही गिअरना येत असेल तर बेरिंग.

म्हणजे ते पहिलं गॅरेज एक तृतीयांश बरोबर होतं! इंजिन खोलावंच लागणार होतं. पण खरी गोष्ट त्या शहाण्या म्हाताऱ्या मेकॅनिक काकांनी सांगितली, ज्यांच्याकडे मित्र शेवटी गेला. त्यांनी आधी काही न बोलता गाडी चालवली, मग ती वाकलेली लिव्हर हातात धरून म्हणाले, ‘अरे बाळा, हिनंच खाल्लाय तुझा दुसरा गिअर.’ लिव्हर पूर्ण दाबली जात नव्हती, त्यामुळे दुसऱ्या गिअरचे डॉग महिनोन्‌महिने अर्धेच घुसत होते. टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरवर सगळा जोर. त्यात ओढणारा क्लच, म्हणजे प्रत्येक वेळी ठोकर. कडा गोल होणारच. नुसता नवा सेट टाकून त्याच लिव्हरनं, त्याच केबलनं गाडी परत दिली असती, तर न्यूट्रल तेव्हाही सापडला नसता आणि पुढच्या सीझनला दुसरा गिअर पुन्हा गेला असता. पुन्हा फुल इंजिन. पुन्हा ते चार शब्द.

काकांनी दोन रविवार घेतले. सगळा सेट बदलला नाही. दुसऱ्या गिअरची जोडी, तिच्याशी डॉगनं जोडलं जाणारं शेजारचं चक्र आणि वाकलेला एक फोर्क, एवढंच बदललं. एका बाजूचे डॉग नवे आणि समोरच्या खाचा जुन्या, असं करून उपयोग नसतो. जुनी बाजू नव्या बाजूला खाते. बाकी पहिला, तिसरा, चौथा मूळचेच राहिले. बेरिंग हातात फिरवून, कान लावून पाहिली आणि दोन बदलली. सर्कलिप म्हणजे ती चक्रांना जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी. त्या सगळ्या नव्या, कारण एकदा फाकवलेली कडी पुन्हा तितकी घट्ट बसत नाही. मित्राचं काम एकच होतं, प्रत्येक वॉशर निघताना मोबाइलवर फोटो काढायचा. शाफ्टवरच्या पातळ वॉशरांचा क्रम चुकला की सगळं मुसळ केरात.

पार्टसाठी नाना पेठ पालथी घातली. काही मिळालं, काही नाही. शेवटी दुसऱ्या गिअरची जोडी एका मोडीत निघालेल्या इंजिनातली. वापरलेला गिअर घेताना दातांकडे सगळेच बघतात. तुम्ही डॉगकडे बघा. नख कडेवरून ओढा. नख अडकलं तर घ्या, सरकलं तर ठेवा. कड गोल होऊन आरशासारखी चमकत असेल तर दुकानदार ‘ओरिजिनल जपानी’ म्हणो नाहीतर आणखी काही, ते चमकणं म्हणजेच झिजणं. निळसर झालेलं चक्रही नको. ते तेलाविना तापलेलं असतं.

एक गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे, म्हणून वेगळी सांगते. धावत्या गाडीचं मागचं चाक अचानक जाम झालं तर काय कराल? टू-स्ट्रोकवाल्यांचं एक बोट कायम क्लचवर असतं, आणि ते स्टाइल म्हणून नाही. पिस्टन सीझ झाला असेल तर क्लच दाबताच चाक मोकळं होतं, कारण क्लच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये आहे. पण तुटलेला दात दोन गिअरच्या मध्ये अडकून गिअरबॉक्सच जाम झाला असेल तर क्लच दाबून काहीही होत नाही. तो क्लचच्या पलीकडे, थेट चेनला जोडलेला आहे. तिथे तुमच्या हातात काही उरत नाही. म्हणून चुंबकाला तुकडा चिकटला की ‘एवढी राइड मारून घेऊ’ म्हणायचं नाही. उतारावर, दगडांत, चाळीसच्या स्पीडला मागचं चाक लॉक झालं की कॉलरबोन पहिलं जातं. मग ऑफिसमध्ये सहा आठवडे डाव्या हातानं टायपिंग.

चेनही विसरू नका. उंच शॉक टाकलेल्या गाडीची चेन स्टँडवर बरोबर वाटते, पण तुम्ही बसलात, खड्ड्यात शॉक दबले की ती ताणली जाते. जास्तच ताणली तर थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेरिंग ओढते. कुणाला तरी सीटवर बसवून शॉक दाबायला लावा. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात घट्ट होते. त्या वेळी तिला थोडा झोल हवा.

गॅरेजला गाडी द्यायचीच असेल तर दोन वाक्यं पाठ करून जा. पहिलं, ‘खोलायच्या आधी चालवून बघा.’ दुसरं, ‘जुने पार्ट परत द्या.’ पहिल्या वाक्यावर जो वैतागतो त्याच्याकडे गाडी ठेवू नका. दुसऱ्यावर जो वैतागतो त्याच्याकडे तर मुळीच नको.

मित्राची आरएक्स गेल्या महिन्यात ट्रॅकवर परत आली. काकांनी सक्त ताकीद दिलीय, पहिल्या राइडनंतर लगेच तेल बदलायचं आणि चुंबक त्यांना आणून दाखवायचा. बाप-लेक दोघं गेले दाखवायला. चुंबकावर फक्त करडी पेस्ट होती.